उजवीकडचा उजेड

"सर, ही स्लाईड उलटी आहे," ज्ञानेश म्हणाला आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला. पंखा जरा आवाज करतोय, हे सांगावं इतक्या सहज. देवरे खिडकीशी उभा राहून गंगापूर रोडवरची दुपार बघत होता. त्याला वाटलं, पोरानं मशीनमध्ये स्लाईड चुकीची घातली असेल. "मग सुलटी घाल," तो म्हणाला. "तसं नाही सर. आपण वर्गात जी बाजू दाखवतो, तीच उलटी आहे. म्यूझियमच्या साइटवर हे चित्र आलंय. बघा ना." देवरे चष्मा पुसत पडद्याजवळ आला. पडद्यावर एकच चित्र दोनदा होतं, शेजारी शेजारी. सतराव्या शतकातलं डच स्वयंपाकघर. मासा साफ करणारी म्हातारी, सुरईतून पेला भरणारा तिचा नवरा, मागे सुईत दोरा ओवणारी मुलगी, आणि त्या तिघांवर खिडकीतून आलेला दुधासारखा उजेड. एकात खिडकी उजवीला होती. दुसऱ्यात डावीला. "मूळ चित्रात डावीला आहे," ज्ञानेश म्हणाला. मग स्लाईड बोटांत धरून त्यानं तिची पुठ्ठ्याची चौकट निरखली. "स्लाईड कशी घालायची ते दाखवणारा लाल ठिपकाच चुकीच्या बाजूला दिलाय कोणीतरी. आणि मागं काहीतरी खरवडलंय. ब्लेडनं असावं." देवरे म्हणाला, "जुना माल आहे. असेल." म्हणताना त्याचा हात उगाचच खिशात गेला आणि तिथंच राहिला.

ज्ञानेश तिशीतला, चार वर्षांपूर्वी या कलामहाविद्यालयात लागलेला, देवरेचाच विद्यार्थी. मे अखेरीस देवरे निवृत्त होणार म्हणून पेटीतल्या दोनशे चाळीस स्लाइडा कॉम्प्युटरवर चढवायचं काम त्यानं आपणहून अंगावर घेतलं होतं. सत्काराची स्मरणिकाही तोच बघत होता. तो थोडा वेळ माउसशी खेळत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "स्मरणिकेतल्या तुमच्या लेखाचं काय करायचं सर? गुरुवारी छापायला जातोय. म्हणजे, मी कोणाला काही बोलत नाही. स्लाईड सरळ करून टाकतो. लेख आहे तसा राहू दे." त्याच्या आवाजात दया होती. देवरेला आयुष्यात पुष्कळांनी पुष्कळ काही दिलं होतं, पण वयानं निम्म्या माणसाची दया त्याला पहिल्यांदाच मिळत होती, आणि ती गरम चहासारखी हातातून खाली ठेवताही येत नव्हती.

लेखाचं नाव 'उजवीकडचा उजेड'. अठ्ठ्याऐंशी साली पुण्याच्या एका त्रैमासिकात तो आला, आणि नाशकातल्या एका ड्रॉइंग मास्तराचा विश्राम देवरे झाला. लेखात त्यानं म्हटलं होतं की उत्तर युरोपातल्या चित्रकारांच्या खिडक्या बहुतेक डावीकडे असतात. चित्रकार उजव्या हातानं रंगवतो, उजेड डावीकडून घेतला की हाताची सावली कामावर पडत नाही. ती नुसती सोय. पण या अनाम चित्रकारानं सोय नाकारली. स्वतःच्या हाताची सावली त्यानं स्वतःच्या कामावर पडू दिली. आधुनिक माणूस तिथं जन्मला, यंत्रांच्या आणि क्रांत्यांच्या कितीतरी आधी, मासळीच्या वासानं भरलेल्या एका स्वयंपाकघरात. पुढची सोळा वर्षं देवरेनं सगळं याच एका खुंटीवर टांगलं. बरोक शैलीतली नाटकी सावली, उन्हात जाऊन बसलेले फ्रेंच चित्रकार, चेहऱ्याचे तुकडे करणारे त्यांचे वारस, सप्तक मोडून टाकणारे संगीतकार, देव मेला म्हणणारे तत्त्वज्ञ: जो तो आपल्या हाताची सावली आपल्या कामावर पाडून घेत होता. आकाशवाणीवर त्याचं भाषण झालं. पुण्यामुंबईची माणसं "देवऱ्यांचा तो उजवा उजेड" असं म्हणू लागली. आणि त्या डच माणसानं बिचाऱ्यानं काही नाकारलं नव्हतं. चारचौघांसारखी डावीकडे खिडकी धरून, जेवणाच्या वेळेच्या आत काम उरकून तो घरी गेला होता.

घरी जाताना देवरेनं स्कूटर कॉलेज रोडवरून न नेता लांबून घेतली. युरोप त्यानं पाहिला नव्हता. पासपोर्टसुद्धा नव्हता. त्याचा युरोप म्हणजे ती पेटी: मुंबईतल्या कुठल्याशा परदेशी सांस्कृतिक केंद्रानं जुनी झाली म्हणून काढून टाकलेली, त्यानं पंचाऐंशी साली एसटीच्या टपावर न ठेवता मांडीवर घेऊन आणलेली. तिच्या आधी सटाण्याकडचं गाव होतं, शाळेत शिपाई असलेला बाप होता, आणि मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये पहिल्या दिवशी तोंडातून 'आहे'ऐवजी 'शे' निघाल्यावर हसलेली सत्तावीस पोरं होती. त्या दिवसापासून त्यानं अहिराणी अशी गिळली की स्वप्नातही ती वर येऊ नये. सुट्टीत गावी जाऊन त्यानं एका चित्राची छापील प्रत भिंतीला चिकटवली तेव्हा आई पदराला हात पुसत पुढं आली. "हाई काय शे?" तिनं विचारलं. "तुला नाही कळायचं," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. आईनं मान डोलावली, जणू हे तिला ठाऊकच होतं, आणि ती भाकऱ्या थापायला गेली. पुढं चेलो या पाश्चात्त्य तंतुवाद्याच्या कॅसेटी आणल्या. रविवारी सकाळी तो त्या लावून डोळे मिटून बसायचा. शुभांगी, त्याची बायको, चहा आणून हळूच ठेवायची आणि आवाज न करता निघून जायची. त्या करवतीसारख्या सुरांत त्याचा जीव एकदाही रमला नाही, हे वीस वर्षांत त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते डच चित्र वेगळं होतं. ते त्याला खरंच आवडलं होतं. त्या चित्रात त्याला जे दिसलं, ते कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. त्याची म्हणून एवढी एकच गोष्ट होती.

आणि ती काठेच्या पोरीला दिसली नव्हती. नाही, तिला ती दिसली होती, म्हणूनच तर. मीना काठे. ब्याण्णव साल. मखमलाबादहून बसनं यायची, शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. घरचा फुलांचा मळा, त्यामुळे दसऱ्याच्या आसपास तिची बोटं झेंडूनं पिवळी असायची आणि तिच्या पोर्ट्रेटमधल्या माणसांच्या गालांवरही तो पिवळा उतरायचा. अंधाऱ्या वर्गात प्रोजेक्टर घरघरत होता. देवरे छडीच्या टोकानं खिडकी दाखवत होता, नेहमीच्या जागी नेहमीसारखा थांबला होता. तेव्हा मागून आवाज आला, "सर, ही समदी डावखुरी कशी?" त्याला प्रश्न कळला नाही. "म्हातारीची सुरी डाव्या हातात हाय. बाबाची सुरई डाव्या हातात. पोरगी दोरा बी डाव्या हातानं ओवती. एका घरात तिघं? आमच्या अख्ख्या आळीत एक हाय." कोणीतरी हसलं. देवरेची छडी खिडकीवरून खाली आली. ते त्या प्रश्नामुळं की त्या 'हाय'मुळं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. बोली वेगळी, पण ती थेट त्याच्या आईच्या सुरात बोलली होती, न लाजता, आणि चित्राकडे बघून बोलली होती. "काठे," तो म्हणाला, "हा फुलबाजार नाही. इथं माल उलटापालटा करून भाव ठरत नसतो." सगळा वर्ग हसला. हसू बराच वेळ चाललं, कारण अंधार होता आणि अंधारात पोरांना हसायला बरं वाटतं. तिनं वार्षिक परीक्षेत तेच लिहिलं, की लेखात मांडलेला उजेड खरा नसून स्लाईड उलटी असावी. त्यानं त्या उत्तराला शून्य दिलं. ती कलेच्या इतिहासात नापास झाली आणि जूनमध्ये आली नाही. लग्न झालं म्हणे, कॉलेजचा शिपाई म्हणाला. पण यातलं, तास आणि परीक्षा यांच्या मधलं, देवरे आठवायला गेला नाही. तिथं एक संध्याकाळ होती, आणि तिच्या दाराशी गेलं की त्याचं मन दुसऱ्याच कसल्या तरी कामाला लागायचं.

दोन दिवस तो जेवला, झोपला, दाढी केली. शुभांगी म्हणाली, "निवृत्तीचं मनाला लावून घेऊ नका. सगळ्यांनाच व्हावं लागतं." तो बरं म्हणाला. बुधवारी सकाळी तो फुलबाजारात गेला. ओल्या पोत्यांवर शेवंती, झेंडू, गुलछडीच्या राशी होत्या आणि पायाखाली चिखल आणि पाकळ्या. मखमलाबादच्या काठ्यांची मीना म्हणून विचारत गेल्यावर नवसाबाई नावाच्या एका म्हाताऱ्या बाईनं गजऱ्यांवर पाणी शिंपडता शिंपडता सांगितलं, "मीना व्हय? ती आता म्हसरूळच्या पुढं ऱ्हाती. पॉलिहाऊस हाय त्यांचं. जरबेरा काढती. इथं नाय येत ती, तिचा माल मुंबईला जातो." म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यात कौतुक होतं. देवरेला जरा हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. म्हणजे फार वाईट झालेलं नाही. वाटेत त्यानं वाक्यं जुळवली. माझी चूक झाली. मला तेव्हा कळलं नाही. तू बरोबर होतीस. तीन वाक्यं, स्वच्छ, इस्त्री केलेल्या कपड्यांसारखी.

पॉलिहाऊसमध्ये उजेड सगळीकडून सारखाच येत होता. प्लास्टिकच्या छतातून गाळलेला, कोणत्याही वस्तूला सावली नसलेला. देवरेला तो उजेड आजाऱ्यासारखा वाटला. मीना लांब टेबलापाशी उभी राहून जरबेराच्या फुलांना प्लास्टिकच्या टोप्या घालत होती. अंगानं भरली होती, केसांत पांढरं दिसत होतं. चौतीस-पस्तिशीच्या बाईला ते लवकरच होतं. तिनं त्याला लगेच ओळखलं. "या सर. बसा. भागीबाई, सरांना पाणी आण गं." पलीकडे दांडे कापणारी भागीबाई पाणी घेऊन आली. मीनाचे हात थांबले नाहीत. "चार वाजता टेम्पो येतो," ती म्हणाली, "म्हणून जरा घाई हाय. बोला तुम्ही."

त्यानं सांगितलं. ज्ञानेशनं कसं शोधलं, म्यूझियमची साइट, मूळ चित्रातली खिडकी. ती ऐकत होती, टोप्या घालत होती. "हो," ती म्हणाली. "उलटीच होती ती."

"माझी चूक झाली, मीना. मला तेव्हा कळलं नाही."

आता तिचे हात थांबले. तिनं हातातलं फूल बाजूला ठेवलं आणि पदरानं बोटं पुसली. "सर," ती म्हणाली, "त्या तासाच्या दुसऱ्या दिवशी पेटी कपाटात ठेवायची माझी पाळी होती. मी ती स्लाईड काढून ट्यूबलाइटपुढं धरली. उलटसुलट करून बघितली. मग मागच्या बाजूला एक ठिपका दिला. लाल पोस्टर कलरचा. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'ही बाजू'. म्हटलं, चारचौघांत नको. सरांना एकट्याला दिसू दे."

देवरेनं हातातला पाण्याचा पेला टेबलावर ठेवला.

"पुढच्या सोमवारी तुम्ही परत जुनीच बाजू दाखवली. मी नंतर पेटी उघडून बघितली. माझा ठिपका खरवडला होता. अक्षर बी."

तेव्हा ती संध्याकाळ आली. दार ढकलून नव्हे. ती तिथंच होती, तो तिच्याकडे पाठ करून बारा वर्षं उभा होता. स्टाफरूममध्ये कोणी नव्हतं. बाहेर मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती. त्यानं स्लाईड खिडकीच्या काचेवर धरली, आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या. दुसऱ्या बाजूनं ती माणसं अचानक माणसांसारखी झाली. म्हातारीचा हात सुरीवर नीट बसला. मुलीच्या बोटांत सुई खरी वाटली. किती सुंदर आहे, असं त्याच्या मनात आलं होतं; चित्र बघून त्याला झालेला तो शेवटचा आनंद. मग त्यानं पेन्सिलीला टोक करायचं अर्धं ब्लेड घेतलं. ठिपका सहज निघाला, अक्षरांना वेळ लागला. लाल भुकटी नखात गेली होती, आणि घरी शुभांगीनं विचारलं होतं, कुठं कापलं का. त्यानं हात खिशात घातला होता.

"मग तू बोलली का नाहीस?" त्यानं विचारलं. आपला आवाज त्याला लांबून ऐकू आला.

"कोणाला?" मीना म्हणाली. "पेपरात लिहिलं मी. तुम्ही वाचलं असंल."

"माझ्यामुळं तुझं शिक्षण..."

"तसं नका म्हणू. बापाला मला घरी बसवायला निमित्त पायजे होतं. ते तुम्ही दिलं. दुसऱ्या कोणी बी दिलं असतं." तिनं पुन्हा टोप्या घालायला सुरुवात केली. बोलण्यात राग नव्हता, आणि रागाची सोय करून आलेल्या माणसाला याहून मोठी अडचण नाही. "मला सांगा सर, तुम्ही हे सांगायला आलात, का मला आठवतं का ते बघायला आलात?"

त्याच्याकडे उत्तर होतं, आणि ते देण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "शनिवारी माझा सत्कार आहे. मी तिथं सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुझं नाव घेऊन."

"घ्या, नका घेऊ," मीना म्हणाली. "ते तुमचं तुम्ही बघा. मी कोणाला सांगायला जाणार नाय. मला तेवढा वेळ नाय." मग तो निघाला तेव्हा, पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवू नये म्हणून, तिनं भागीबाईला चहा टाकायला सांगितला. तो चहा त्यानं उभ्यानं घेतला. फार गोड होता.

शनिवारी हॉल भरला होता. पुण्याचे एक समीक्षक पाहुणे होते. स्मरणिका वाटून झाली होती, लेख तिच्यात होता. गुरुवारी ज्ञानेशचा फोन आला तेव्हा देवरे नुसतं "जाऊ दे" म्हणाला होता. शाल आली, नारळ आला. शुभांगी पहिल्या रांगेत, ज्ञानेशच्या शेजारी, ठेवणीतली साडी नेसून बसली होती. देवरे माइकपाशी गेला. त्याला खरोखरच सांगायचं होतं. रात्रंदिवस त्यानं तेवढंच घोकलं होतं. तो म्हणाला, ज्या लेखामुळं तुम्ही मला ओळखता तो लेख चुकीचा आहे. मूळ चित्रात खिडकी डावीला आहे. सोळा वर्षं मी एका उलट्या स्लाईडबद्दल बोलत होतो. पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. देवरेला वाटलं, आता. आता पुढचं वाक्य. एवढ्यात मागून कोणीतरी टाळ्या वाजवायला लागलं. मग सगळेच. माणसं उभी राहिली. त्याला कळेना हे काय चाललंय. पाहुणे उठून त्याच्याजवळ आले, त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि माइककडे तोंड करून म्हणाले की आपल्या हाताची सावली आपल्या कामावर पाडून घेणं म्हणजे काय, ते आज या माणसानं प्रत्यक्ष दाखवलं. लेख चुकीचा असेल, विचार बरोबर ठरला. पुन्हा टाळ्या. समोर एका म्हाताऱ्या मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. देवरे तिथं हार घालून उभा होता आणि एक फार जुनी, ओळखीची ऊब त्याच्या पायांपासून वर चढत होती. आर्ट स्कूलमधल्या त्या सत्तावीस पोरांपासून तो जी शोधत होता, तीच.

"पण देवरे सर," पाहुण्यांनी प्रेमानं विचारलं, "इतक्या वर्षांनी हे लक्षात आलं कसं?"

ज्ञानेशनं मान वर केली. शुभांगी हसून बघत होती. देवरेनं माइक थोडा जवळ ओढला. "हातांवरून," तो म्हणाला. "एके दिवशी सहज मनात आलं, ही एका घरातली तिन्ही माणसं डावखुरी कशी असतील?" लोक कौतुकानं हसले. जीभ कुठंही अडखळली नाही. वाक्य आपलंच असावं तसं ते सफाईनं बाहेर आलं, प्रमाण मराठीत, योग्य ठिकाणी थांबून. ज्ञानेशनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मग हातातली स्मरणिका चाळायला लागला.

परतताना रिक्षात शुभांगीनं शाल घडी करून मांडीवर घेतली होती. रामवाडीचा पूल आल्यावर ती म्हणाली, "छान बोललात. पण ज्ञानेशचं नाव घ्यायला हवं होतं तुम्ही. त्यानं शोधून काढलं ना ते? त्याचा चेहरा उतरला होता."

"राहिलं खरं," देवरे म्हणाला. "सोमवारी बोलतो त्याच्याशी."

"वाईट नका वाटून घेऊ. गर्दीत राहतं एखादं नाव," ती म्हणाली आणि तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तिला एकच नाव माहीत होतं, याचं त्याला बरं वाटलं.